पत्ते कामाचे, मेलबॉक्स माणसांचे: कंपनीच्या मेल सर्व्हरची मांडणी

कंपनीत 15 माणसे आणि 40 ईमेल पत्ते असले, तरी सर्व्हरवर 40 मेलबॉक्स उघडण्याचे कारण नाही. पत्ता हे टपाल स्वीकारण्याचे नाव आहे आणि मेलबॉक्स ही ते साठवण्याची जागा आहे. हा भेद सुरुवातीलाच पाळला नाही, तर कोणीही उघडत नसलेल्या खात्यांत ग्राहकांची पत्रे महिनोन्महिने पडून राहतात. लिनक्सवर पोस्टफिक्स (टपाल घेणारा व पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून वाचू देणारा प्रोग्राम) ही जोडी वापरणाऱ्यांसाठी पुढील मांडणी सुचवत आहे.

प्रथम सर्व पत्त्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे त्याला उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. ज्या पत्त्यापुढे नाव लिहिता येत नाही, तो पत्ता चालू ठेवू नये. याला अपवाद मेल सर्व्हरच्या अडचणी कळवण्याच्या 'पोस्टमास्टर' या पत्त्याचा आहे, कारण एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या पद्धतीच्या मानकानुसार हा पत्ता चालू असणे बंधनकारक आहे. तेव्हा त्याच्यासाठी माणूस नेमावाच लागतो. गैरवापराच्या तक्रारींसाठीचा 'अब्यूज' हा पत्ताही 1997 च्या आरएफसी 2142 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात सांगितलेला असून तोही ठेवावा.

पोस्टफिक्समध्ये कंपनीचे डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स' या सेटिंगमध्ये लिहावे आणि तेच डोमेन 'माय डेस्टिनेशन'मध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या लिनक्स खात्यांसाठीच्या डोमेनांच्या यादीत) राहिलेले नाही याची खात्री करावी, कारण एक डोमेन दोन्हीकडे चालत नाही. खरे मेलबॉक्स एका तक्त्यात आणि एलियस, म्हणजे टपाल फक्त दुसऱ्या पत्त्यांकडे वळवणारे पत्ते, दुसऱ्या तक्त्यात ठेवावेत. एलियसच्या तक्त्यात डावीकडे 'सेल्स'सारखा कामाचा पत्ता आणि उजवीकडे तो ज्यांच्याकडे जायचा त्यांचे पत्ते येतात. हॅश प्रकारचा (झटपट शोधासाठी वेगळ्या फाइलमध्ये रूपांतरित करून वापरला जाणारा) तक्ता बदलल्यावर पोस्टमॅप ही आज्ञा चालवावीच लागते. ती राहून गेली की फाइलमध्ये बदल दिसतो, पण सर्व्हर जुन्याच नोंदी वापरत राहतो. त्याच आज्ञेला 'क्यू' हा पर्याय देऊन एखादा पत्ता कुठे वळतो हे लगेच तपासता येते.

डोमेनवरचे कोणतेही नाव स्वीकारणारा 'कॅच-ऑल' पत्ता मी कोणालाही सुचवत नाही. तो अंदाजाने बनवलेल्या नावांवरचे सगळे स्पॅम आत घेतो, आणि पत्ता चुकवलेल्या ग्राहकाला पत्र परत न आल्यामुळे चूक कळतच नाही. शिवाय पोस्टफिक्स एलियसचा तक्ता मेलबॉक्सच्या तक्त्याआधी पाहतो. त्यामुळे कॅच-ऑल एलियसच्या तक्त्यात लिहिला आणि प्रत्येक खऱ्या मेलबॉक्ससाठी त्याच्या स्वतःच्याच पत्त्याकडे वळवणारी स्वतंत्र ओळ घातली नाही, तर सर्वांचे टपाल एकाच ठिकाणी जाते.

एका पत्त्याला तिघे-चौघे उत्तर देत असतील, तर मात्र एलियस अपुरा पडतो. प्रत्येकाकडे वेगळी प्रत जाते आणि कोणी उत्तर दिले हे इतरांना कळत नाही. अशा कामासाठी खरा मेलबॉक्स उघडून तो डव्हकॉटच्या एसीएलद्वारे (कोणाला कोणता अधिकार हे ठरवणाऱ्या यादीद्वारे) संबंधितांना वाटून द्यावा. एकच पासवर्ड सर्वांना सांगू नये. हा मेलबॉक्स आयमॅपनेच, म्हणजे पत्रे सर्व्हरवर ठेवूनच वाचण्याच्या पद्धतीने, वापरावा. पॉप3 या पत्रे संगणकावर उतरवण्याच्या पद्धतीत 'प्रत सर्व्हरवर ठेवा' हा पर्याय एकाने जरी बंद ठेवला, तरी पत्रे त्याच्या संगणकावर उतरून इतरांसाठी नाहीशी होतात.

एलियसमुळे पत्र येण्याची सोय होते, पण त्या नावाने पाठवण्याची परवानगी वेगळी द्यावी. 'एसएमटीपीडी सेंडर लॉगिन मॅप्स'मध्ये कोणत्या लॉगिनला कोणता पत्ता वापरता येईल हे लिहून 587 आणि 465 या टपाल पाठवण्याच्या पोर्टांवर 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' हा न जुळणारा प्रेषक नाकारणारा नियम लावावा. ही तपासणी पाकिटावरच्या, म्हणजे पाठवताना सर्व्हरला सांगितलेल्या, प्रेषकाची असते, पत्राच्या आतील 'फ्रॉम' ओळीची नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कंपनीचे टपाल खासगी जीमेलवर आपोआप वळवणेही टाळावे. मूळ प्रेषकाच्या एसपीएफ नोंदीत (त्याच्या डोमेनचे टपाल कोणते सर्व्हर पाठवू शकतात या यादीत) आपला सर्व्हर नसल्याने अशी पत्रे संशयास्पद ठरू शकतात, आणि वळवलेल्या स्पॅमचा ठपका आपल्याच आयपी पत्त्यावर बसतो. वळवणे अटळच असेल, तर वळवताना पाकिटावरचा प्रेषक आपल्या डोमेनचा करून देणारे एसआरएस बसवावे.

कर्मचारी सोडून गेल्यास त्याच दिवशी पासवर्ड बदलून चालू असलेली सत्रे डव्हकॉटच्या 'डव्हअॅडम किक' या आज्ञेने तोडावीत, सर्व एलियसमधून त्याचा पत्ता काढावा आणि त्या पत्त्यावर येणारे नवे टपाल त्याचे काम घेणाऱ्याकडे वळवावे. जुना मेलबॉक्स मात्र पुसू नये. व्यवहाराचे पुरावे त्यातच असतात. त्याचा बॅकअप घेऊन तो वाचण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावा.