नवा लॅपटॉप सुरू केलात? आधी ४८ आकडे लिहून ठेवा

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, की बऱ्याच मॉडेलांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर तुमचाही त्यातलाच. सोय चांगली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी फाइली सहजी कुणाच्या हाती लागत नाहीत. पण पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट झालं, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे हे कुलूप उघडणारी किल्ली, मागितली जाऊ शकते. ती नसेल तर दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही. फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प, सगळं आतच अडकतं.

म्हणून पहिल्याच दिवशी फोनवरून त्याच खात्यात लॉगिन करून की शोधा आणि कागदावर उतरवून बिलाच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपमध्येच ठेवलीत तर उपयोग शून्य. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर की त्याच्या खात्यात गेलेली असू शकते! अशा वेळी ‘रिसेट’ करून स्वतःच्या खात्याने पुन्हा सुरुवात करा. अजून आत काहीच नाही, तोवरच हे सोपं आहे.

मग चार्जर लावून विंडोज अपडेट करा. एकदा रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा तपासा, बहुधा आणखी काही निघतंच.

आणि मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिता येतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.