पाणी ‘जड’ आहे म्हणून सॉफ्टनर घेताय? गोव्यातल्या घरांनी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या पर्वरीच्या वसाहतीत पाण्याची यंत्रं विकणारा एक विक्रेता घरोघर फिरत होता. त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेलं. दोन्हीत लोखंडी कांड्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर मळकट फेस आला. आरओचं पाणी होतं तसंच नितळ. “वहिनी, हे तुम्ही मुलांना पाजता?” शेजारच्या काकूंनी त्याच संध्याकाळी आगाऊ पैसे दिले.

तो तपकिरी रंग कांड्यांच्या लोखंडाचा होता. पाण्यातून वीज वाहायची तर त्यात थोडे क्षार लागतात. ते नळाच्या पाण्यात असतात, आरओच्या पाण्यात जवळपास नसतात, म्हणून तिथे काहीच घडत नाही. तुमच्या दारी कोणी असा प्रयोग घेऊन आलं, तर त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल.

पाणी कुठून येतं ते न पाहताच यंत्र घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त ते जड, कमी ते मऊ; सॉफ्टनर हे क्षार काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. गोव्यातलं नळाचं पाणी मुळात मऊ असतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस जांभ्यावरून आणि जुन्या खडकांवरून वाहत येतो, वाटेत त्याला चुनखडी फारशी भेटत नाही. पणजी-फोंड्याला खांडेपार नदीकाठच्या ओपा प्रकल्पाचं पाणी, दक्षिणेला साळावली धरणाचं, आमच्या बार्देशला अस्नोड्याचं. अस्नोड्याची मोठी भिस्त तिळारीच्या कालव्यावर आहे. अशा पाण्याला सॉफ्टनर लावून हाती काही लागत नाही.

मग किटलीत जड पाण्याचा पांढरा थर का बसतो? आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, भूमिगत टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं जातं का. कालवा दुरुस्तीसाठी बंद पडला किंवा एप्रिल-मेमध्ये नळाची धार बारीक झाली की अनेक ठिकाणी हे होतं. किनाऱ्याजवळच्या आणि खाडीकाठच्या बोअरमध्ये उन्हाळ्याअखेर खारं पाणी शिरतं, तेव्हा जडपणा खरोखर वाढतो. ज्या घरात बाराही महिने असंच पाणी येतं, तिथे सॉफ्टनरचा विचार जरूर करावा. मात्र त्याने खारटपणा जात नाही आणि जंतूही मरत नाहीत. शिवाय पाण्यात सोडियम वाढतं, म्हणून रक्तदाबाचा रुग्ण असेल तर पिण्याच्या पाण्याची वाट वेगळी ठेवा.

घरच्या घरी तपासायचं तर झाकणाची बाटली अर्धी भरा, त्यात साध्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. डिटर्जंट किंवा शाम्पू नको, ते जड पाण्यातही फेसाळतात. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस कमी आणि पाण्यात दुधी साका दिसला तर जड. पावसात हीच चाचणी आधी पागोळीच्या पाण्यावर करून बघा, मऊ पाणी कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल.

टीडीएस मीटरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही, जंतू तर दिसतच नाहीत. आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, जडपणाची 200. टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं. आरओमध्ये बरंच पाणी वाया जातं, हेही लक्षात घ्या.

तांबूस डागांवर ब्लीच

आपल्याकडचा खरा त्रास बहुतेक वेळा लोहाचा असतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी काढताना काचेसारखं दिसतं आणि तासाभरात पिवळट होतं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून खाली बसतं. पांढऱ्या ग्लासात पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर तो लोहाचा असण्याची शक्यता मोठी.

लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या पुढे लोह गेलं की कपड्यांवर डाग पडू लागतात. माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टावर असे फिके पिवळे ठिपके आले. मी शर्ट ब्लीचमध्ये भिजवला, तर ठिपके विटकरी झाले आणि कायमचे राहिले. क्लोरीनने लोह आणखी गंजतं आणि धाग्यात पक्कं बसतं. अशा डागावर लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल लावा, थोड्या वेळाने खळखळून धुवा. पाण्यासाठी उपाय म्हणजे टाकीत ते फवाऱ्यासारखं पाडून हवा देणं, गाळ बसू देणं आणि मग गाळणं. सॉफ्टनरमधून असं पाणी सोडलं तर त्यातलं रेझिन, म्हणजे क्षार पकडणारे बारीक मणी, लोहाने चोंदतं.

जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. पितळी नळाखाली हिरवट ओघळ दिसला तर नळ झिजतोय असं समजा. त्या पाण्यात तुरटी फिरवू नका, आम्लता आणखी वाढते. रात्रभर नळात साचलेलं सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, झाडांना घाला.

पाऊस आणि भूमिगत टाकी

जूनमध्ये भूजल वर येतं. टाकीला बारीक तडा असेल तर बाहेरचं पाणी आत झिरपतं, आणि शेजारी शोषखड्डा असेल तर ते कसलं पाणी हे सांगायला नको. जडपणापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि आजारी मुलं पडतात. जंतूंची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा. पुरवठा बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहिल्या गढूळ बादल्या टाकीत जाऊ देऊ नका.

तपासणीला एकच बाटली पाठवणं हीही चूक आहे. एक नमुना मीटरजवळच्या नळाचा घ्या, दुसरा स्वयंपाकघरातला. बाटल्या प्रयोगशाळेतूनच आणा, जंतूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक लागतात. त्यांवर जागा, तारीख आणि वेळ लिहून त्याच दिवशी पोचवा. मीटरचा नमुना चांगला आणि घरातला वाईट आला, तर दोष आपल्याच टाकीत किंवा पाइपात आहे.

आमचं तसंच निघालं. मीटरजवळचं पाणी नितळ होतं, सिंकच्या नळाला तांबूस गाळ. झाकण उघडलं तर टाकीच्या तळाशी बोटभर चिखल आणि आतल्या लोखंडी शिडीच्या पायऱ्या गंजून पापुद्रे सुटलेले. शिडी काढली, टाकी घासून धुतली, तडा बुजवला. आता दर मे महिन्यात टाकी साफ झाली की झाकणावर ऑइलपेंटने तारीख घालतो, आणि ती घालायला काकूच पुढे असतात.