रूकी निवडताना या चुका टाळा

एप्रिलअखेर एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंची निवड झाली की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रांच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या मैदानावरच्या आकड्यांवरून गुण मोजायचे) दरवर्षी तोच गलका सुरू होतो. "पहिल्या फेरीत गेलाय म्हणजे सप्टेंबरपासून धुमाकूळ घालणार!" आमची लीग डायनॅस्टी पद्धतीची आहे, खेळाडू वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवता येतात. त्यामुळे घाई इथे सगळ्यात महाग पडते. रूकीला, म्हणजे पहिल्या वर्षीच्या खेळाडूला, रुळायला किती वेळ लागेल हे तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यापेक्षा तो कुठल्या जागेवर खेळतो यावर ठरतं.

टाइट एंडला एका वर्षात सोडून देणं

ही चूक पाहून मला खरोखर वाईट वाटतं. टाइट एंडला दोन पूर्ण कामं शिकावी लागतात. एका डावात शेजारच्या टॅकलच्या (पुढच्या ओळीत कडेला उभा राहून विरोधकांना अडवणाऱ्याच्या) पावलाशी पाऊल जुळवून अंगावर येणाऱ्या समोरच्या संघाच्या धिप्पाड डिफेन्सिव्ह एंडला अडवायचं, आणि पुढच्याच डावात रिसीव्हरसारखं पळून चेंडू झेलायचा. कॉलेजात बरेच टाइट एंड रिसीव्हरसारखे बाजूला उभे राहूनच खेळलेले असतात. जमिनीला हात टेकवून, खाली वाकून ब्लॉक करण्याची त्यांना सवयच नसते.

२०१८च्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाचा फोन आला. "दादा, जॉर्ज किटलला सोडतोय. पाचव्या फेरीतला पोरगा, वर्षभरात झेलांवर ५१५ यार्ड. काय करू ठेवून?" मी त्याला अर्धा तास समजावलं की पहिल्या वर्षी टाइट एंडचे ५१५ यार्ड म्हणजे चांगलं लक्षण आहे. ऐकलं नाही. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी किटलला उचललं. त्या सीझनला किटलने १३७७ यार्ड काढले, तेव्हाचा टाइट एंडचा विक्रम! ज्याने सोडलं त्याला पुढची दोन वर्षं त्या जागेवर धड माणूस मिळाला नाही.

आता लोक मला रूकी असतानाचे आकडे, म्हणजे सॅम लापोर्टाचे २०२३चे ८६ झेल आणि ब्रॉक बॉवर्सचे २०२४चे ११२ झेल दाखवतात. दोघंही अप्रतिम आहेत, पण म्हणून प्रत्येकाकडून तेच मागू नका. मी टाइट एंडला तीन सीझन देतो. पहिल्या वर्षी झेल मोजतच नाही, तो किती स्नॅप (डाव) मैदानावर होता तेवढं बघतो.

"डावा टॅकल काय, उजवा काय, सारखंच!"

टॅकल फँटसीत मोजले जात नाहीत, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, त्यांच्याच भरवशावर उभा असतो.

माझा मुलगा हायस्कूलला डावा टॅकल होता. उजवीकडचा मुलगा जखमी झाला आणि कोचने याला तिकडे हलवलं. मागे सरकणारा पाय बदलला, टेकवायचा हात बदलला, बाहेरून येणाऱ्याला थोपवायचा हातही बदलला. सहा आठवडे मी रोज संध्याकाळी मागच्या अंगणात पॅड धरून उभा राहत होतो. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने भात कालवायला सांगावं, तसं ते होतं. ताकद तीच होती, पण शरीराला आधी जुनं विसरावं लागत होतं.

२०२१मध्ये डेट्रॉइटने सातव्या क्रमांकावर निवडलेला पेने सूएल कॉलेजात डावीकडे खेळायचा. त्याला उजवीकडे बसवलं. सीझनच्या तोंडावर डावा टॅकल टेलर डेकरच्या बोटाला दुखापत झाली, तेव्हा पुन्हा डावीकडे आणि डेकर परतल्यावर पुन्हा उजवीकडे. सुरुवातीला तो अडखळला तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्यांनी २०२३मध्ये त्याला ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात पाहिलं.

क्वार्टरबॅकचा निकाल पहिल्याच वर्षी लावणं

पेटन मॅनिंगने १९९८च्या रूकी वर्षात २८ इंटरसेप्शन दिले (फेकलेले चेंडू विरोधकांनी झेलले), संघ ३-१३, म्हणजे तीन विजय, तेरा पराभव. पुढच्याच वर्षी १३-३. पॅट्रिक महोम्स २०१७मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला, फक्त एका सामन्यात सुरुवातीपासून खेळला आणि २०१८ला ५० टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोहोचवून मिळणारे मोठे गुण) फेकले. बाकावरचं वर्ष वाया जातं असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय.

बाकीच्या चुका

वाइड रिसीव्हरला ड्राफ्टच्या क्रमांकावरून जोखू नका. पुका नकुआ २०२३ला १७७वा निवडला गेला आणि त्याच वर्षी १०५ झेल, १४८६ यार्ड.

कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला) पहिल्या महिन्यात पेनल्टी लागल्या म्हणून मोडीत काढू नका. कॉलेजात चेंडू फेकला जाईपर्यंत रिसीव्हरला धक्का देता येतो, इथे पाच यार्डांनंतर हात लावायची सोय नाही.

किकरलाही थोडा वेळ द्या. टचडाउननंतरची किक कॉलेजात २० यार्डांची, इथे ३३ यार्डांची.

आणि रनिंग बॅक सगळ्यात सोपा, हे निम्मंच खरं आहे. चेंडू घेऊन पळणं त्याला पहिल्या दिवसापासून येतं. इझिकिएल एलियटने २०१६ला रूकी असताना लीगमध्ये सर्वाधिक १६३१ यार्ड धावून काढले. पण ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची चढाई) कुठून येतोय ते ओळखून क्वार्टरबॅकला वाचवणं जमेपर्यंत कोच त्याला थर्ड डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) बाहेरच बसवतात. म्हणून मी ऑगस्टच्या प्रीसीझन सामन्यांत त्याच्या धावांकडे बघत नाही. थर्ड डाउनला मैदानावर कोण उभा आहे, एवढंच वहीत लिहून ठेवतो.