पावसाळ्यात बेझल-लेस टीव्ही कसा सांभाळावा

बेझल-लेस म्हणजे स्क्रीनभोवती जवळजवळ चौकटच नसलेला टीव्ही. त्याच्या खालच्या कडेशी आधी ओळख करून घ्या. समोरून तिथे जेमतेम बोटभर पट्टी दिसते. तिच्यामागे, काचेच्या अगदी टोकाला, लवचिक फिल्मच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. चित्र पॅनेलपर्यंत पोचतं ते यांच्यामार्फत. (काही मॉडेलांत ही व्यवस्था वरच्या कडेला असते.) काच आणि पट्टी यांचा जोड सोल्डरचा नसतो, बारीक वाहक कण मिसळलेल्या गोंदाचा असतो. तिथे पाणी शिरलं की स्क्रीनवर उभ्या रेषा येतात, कधी स्क्रीनचा एक भागच काळा पडतो. मग बहुतेक वेळा पॅनेल बदलावं लागतं, आणि तो खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

जुन्या टीव्हीच्या जाड चौकटीवरून पाण्याचा ओघळ बाहेरच्या बाहेर जायचा. आता काच टोकापर्यंत उघडी असते, त्यामुळे ओघळ सरळ त्या फटीत उतरतो.

पुसण्याची पद्धत बदला

टीव्ही बिघडला की दोष पावसाळी हवेला दिला जातो. माझ्या मते हवेपेक्षा हातातला स्प्रे जास्त घात करतो. स्क्रीनवर दोन-तीन फवारे मारले की पुसायला फडकं लावेपर्यंत थेंब खालच्या कडेला पोचलेले असतात.

पुसण्याआधी टीव्ही सॉकेटच्या स्विचवरून बंद करा आणि स्क्रीन गार होऊ द्या. काळ्या स्क्रीनवर धूळही नीट दिसते. नव्वद टक्के काम कोरड्या मायक्रोफायबर कापडाने होतं. बोटांचे किंवा तेलकट डाग राहिलेच, तर कापडाचा एक कोपरा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर करा, इतकाच की पिळला तरी थेंब पडू नये. कापड आडवं फिरवा. खालच्या कडेच्या दोन बोटं वर थांबा आणि ती पट्टी फक्त कोरड्या कापडाने पुसा. काच पुसायचे निळे द्रव वापरूच नका. त्यांतल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने स्क्रीनवरचं कोटिंग खराब होतं. एलसीडी स्क्रीनच्या ध्रुवीकरण फिल्ममध्ये (प्रकाश गाळणाऱ्या पातळ थरात) आयोडीन मुरवलेलं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचं प्लास्टिक असतं, आणि त्याला ओलाव्याचं वावडं आहे.

हे घरात ज्याच्या ज्याच्या हातात फडकं येतं, त्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दसऱ्याच्या साफसफाईआधी पुन्हा एकदा सांगा.

भिंत आणि वायर तपासा

नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर जास्त बसतो. टीव्ही अशा बाहेरच्या भिंतीवर असेल तर मे महिन्यातच भिंतीवर हात फिरवून बघा. रंगाचे पोपडे सुटलेले असतील तर गळती बुजवल्याशिवाय टीव्ही तिथे ठेवू नका. जमलं तर आतल्या भिंतीवर हलवा. नाहीतर भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर अंतर राहील असा स्टँड घ्या, म्हणजे मागून हवा खेळती राहील. मागच्या सॉकेटकडेही लक्ष द्या. ओल्या भिंतीतलं सॉकेट टीव्हीइतकंच माणसालाही धोक्याचं असतं.

गच्चीवरच्या डिशची वायर खिडकीतून किंवा भोकातून आत येते. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट सेट-टॉप बॉक्सपर्यंत आणि तिथून टीव्हीच्या पिनेपर्यंत येऊ शकतं. उपाय फुकटचा आहे. वायर घरात शिरण्याआधी बाहेरच तिला भोकाच्या पातळीखाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. भोक बाहेरून बुजवून घ्या.

हवेतला ओलावा

बऱ्याच टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी आर्द्रतेची मर्यादा ८० टक्के दिलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई आणि कोकणातली हवा ही मर्यादा सहज ओलांडते. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टीव्हीजवळ ठेवा, म्हणजे अंदाजाने वागावं लागणार नाही.

सगळ्यांत सोपा इलाज म्हणजे टीव्ही रोज तासभर चालवणं. स्वतःच्या उष्णतेने आतले सर्किट बोर्ड कोरडे राहतात. हॉलमध्ये टीव्हीसमोर दोरी बांधून कपडे वाळत घालणं मात्र टाळा. मशीनमधून पिळून काढलेल्या एका भरगच्च धुण्यातही दीड-दोन लिटर पाणी उरलेलं असतं आणि ते सगळं त्याच खोलीच्या हवेत जातं. जागाच नसेल तर कपडे बेडरूममध्ये पंख्याखाली घाला आणि दार लावून घ्या.

एसी हवा कोरडी करतो, पण अडचण नंतर येते. रात्रभर २० अंशांवर एसी चालला की टीव्हीची काच आणि आतले बोर्डही गार पडतात. सकाळी खिडकी उघडताच दमट हवा आत येते. भर पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते तापमान, २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे गार वस्तूंवर दव धरतं. म्हणून एसी बंद केल्यावर थोडा वेळ नुसता पंखा चालू ठेवा, टीव्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच लावा.

किनाऱ्यावरच्या घरांत मीठही आलं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच बोर्डावर बसलेल्या खारट धुळीचं होतं. मग ओल्या खारट थरातून वीज नको तिथे वाहते आणि तांबं हिरवं पडतं. पावसाआधी टीव्ही बंद करून मागच्या जाळीवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. मागचं झाकण उघडू नका.

गावचं घर बंद असेल तर

जूनमध्ये कुलूप लावून थेट गणपतीला उघडायच्या घरात टीव्ही भिंतीवर लटकत ठेवू नका. मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी तो मूळ खोक्यात उभा भरा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खोका लाकडी फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. उचलताना दोघांनी खालून धरा. स्क्रीनच्या कडेला बोटांचा दाब पडला तर काच तडकते.

गणपतीला गेल्यावर लगेच मॅच लावायचा मोह आवरा. टीव्ही बाहेर काढून पाच-सहा तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि मगच प्लग लावा.

उघड्या खोलीत टीव्हीमागे सिलिका जेल टांगून काही होत नाही, कारण पुडी अख्ख्या खोलीची हवा कोरडी करू शकत नाही. घट्ट प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं. गार झालेल्या टीव्हीवर सुती कापड चालेल. कडेच्या फटीत सिलिकॉन भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने तांब्याला गंज चढतो.

पाणी शिरलंच तर

रिमोटने बंद करून भागत नाही. सॉकेट कोरडं असेल तर त्याचा स्विच बंद करून प्लग काढा. ते ओलं असेल तर आधी एमसीबी (वीज तोडणारा घरातला स्विच) पाडा. दिसणारं पाणी टिपून घ्या. टीव्ही आडवा करू नका, पाणी आतल्या थरांमध्ये पसरतं आणि मोठी पातळ काच आपल्याच वजनाने ताणली जाते. हेअर ड्रायर नको, त्याच्या उष्णतेने गोंद सैल होतो. साध्या पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस ठेवा आणि मधेच ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका, कारण ओलाव्यात वीज आली की गंज झपाट्याने पसरतो.

दोन दिवसांनी रेषा किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. पाणी कुठून शिरलं ते त्याला खरं सांगा. सुरुवातीला फक्त जोडाची जागा साफ करून काम भागू शकतं, गंज चढल्यावर ते अवघड होतं. विमा असेल तर टीव्ही उघडण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.