तारा ठोकून बघायचा कसा? कंपनांवरून वस्तुमान, आकार अन् वय

उन्हाळ्यात टँकर येऊन गेला की आमच्या अंबाजोगाईत माणूस आधी टाकी ठोकून बघतो, कुठवर भरली ते आवाजावरून कळतंच. ताऱ्याचंही तसंच, आत उकळणारा गॅस त्याला सारखा ठोकत असतो अन् आपल्याला आवाजाऐवजी उजेडातला बारीक चढउतार दिसतो.

केपलर अन् टेस या अवकाश दुर्बिणींचा डेटा फुकट आहे, पायथॉनमध्ये लाइटकर्व्ह (Lightkurve) नावाचं पॅकेज टाकलं की साधा लॅपटॉप पण पुरतो. सुरुवात लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्यानंच करा, त्याला केपलरची अर्ध्या तासाची रीडिंग चालतात. सूर्यासारख्या ताऱ्याची लय पाच मिनिटांची, तिथं मिनिटामिनिटाचा डेटा लागतो, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, सपाट करा, पिरियडोग्राम काढा, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख. एक फुगवटा दिसेल, त्याचा मध्य म्हणजे नु-मॅक्स. फुगवट्यात सारख्या अंतरावर शिखरं असतात, त्यातल्या एकाच जातीच्या लागोपाठच्या दोन शिखरांतलं अंतर म्हणजे डेल्टा-नु, अन् लै जण इथंच फसतात! शेजारशेजारची दोन शिखरं बहुतेक वेळा वेगळ्या जातीची असतात, त्यांच्यातलं अंतर डेल्टा-नुच्या साधारण निम्मं असतं, तेच धरलं तर वस्तुमान थेट सोळापट येतं. म्हणून एशेल आकृती काढाच, म्हणजे पिरियडोग्रामचे डेल्टा-नु एवढे तुकडे करून एकावर एक रचा, डेल्टा-नु बरोबर असला की शिखरं उभ्या रांगांत बसतात.

आता सूर्याशी तुलना करायची: नु-मॅक्स 3090 अन् डेल्टा-नु 135.1 मायक्रोहर्ट्झ, तापमान 5777 केल्विन. तिन्ही आकड्यांना सूर्याच्या आकड्यांनी भागा. त्रिज्या = नु-मॅक्स भागिले डेल्टा-नुचा वर्ग, गुणिले तापमानाचं वर्गमूळ. वस्तुमान = नु-मॅक्सचा घन भागिले डेल्टा-नुचा चौथा घात, गुणिले तापमानाचा दीड घात. समजा 50, 5 अन् 4800 आलं, तर त्रिज्या सूर्याच्या 10.8 पट, वस्तुमान 1.7 पट. तापमान मात्र वर्णपटावरून घ्या, अंदाजानं टाकू नका.

वय सूत्रातून सरळ निघत नाही. राक्षसी तारा झाला म्हणजे गाभ्यातलं हायड्रोजन संपलं, अन् ते किती वर्षांत संपतं हे वस्तुमानावर ठरतं, 1.7 पटवाल्याला दोन अब्ज वर्षांच्या आगेमागे. पण वस्तुमान 10 टक्के चुकलं की वय 30 टक्क्यांच्या घरात चुकतं. शिवाय गाभ्यात हेलियम पेटलंय का तेही बघा, मिश्र कंपनांच्या (जी गाभ्यापर्यंत पोचतात) आवर्तकाळातलं अंतर 300 सेकंदांच्या आसपास आलं तर पेटलंय, 80 च्या आसपास असेल तर अजून नाही. हे सगळं धातूंच्या (खगोलात हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्यं) प्रमाणासकट ताऱ्याच्या संगणकी मॉडेलमध्ये घाला अन् जे वय येईल ते किती इकडंतिकडं असू शकतं त्या पट्ट्यासहितच लिहा.