मित्र ओपिऑइड सोडतोय? सोबत करताना या चुका टाळा

ओपिऑइड म्हणजे हेरॉइन, मॉर्फिन आणि त्यांच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. त्या बंद केल्यावर होणारा त्रास, म्हणजे विड्रॉवल, बघवत नाही. जांभयांवर जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, उलट्या, जुलाब आणि एका जागी न ठरणारे पाय. सोबत बसलेल्याला वाटतं, हा काही यातून उठत नाही. प्रत्यक्षात माणूस एरवी धडधाकट असेल आणि पोटात पाणी टिकत असेल, तर हे दिवस सहसा जिवावर बेतत नाहीत. जीव जातो तो बहुधा नंतर, त्रास ओसरून सगळे निर्धास्त झाल्यावर. सोबत करणाऱ्यांची ताकद मात्र पहिल्या चार दिवसांतच संपलेली असते.

"मनाचा हिय्या कर आणि एकदाच सोड"

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि सगळ्यात महागात पडतो. आठवडाभर औषधाविना कळ काढली म्हणून तलफ जात नाही, पण शरीराची झालेली सवय झपाट्याने उतरते. मग एखाद्या संध्याकाळी तो जुन्याच मात्रेकडे वळतो आणि श्वास थांबतो. म्हणून डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन सुरू करतात. हीही ओपिऑइडच, पण तलफ आणि विड्रॉवल आवरण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत दिली जाणारी. "एका नशेऐवजी दुसरी" हे वाक्य घरातून हद्दपार करा. या औषधांवर टिकून राहिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली आहेत. मैत्रीण गरोदर असेल तर मनानेच अचानक बंद करणं अजिबात नको. गरोदरपणातही हीच औषधं देतात.

पहिली गोळी घाईने घेणं

सोबत करणाऱ्याचा खरा उपयोग इथे होतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागा घट्ट धरतं, पण तिथे काम अर्धवट करतं. शरीरात आधीचं ओपिऑइड शिल्लक असताना गोळी घेतली, तर ते आधीच्याला उठवून स्वतः तिथे बसतं. जो त्रास दोन दिवसांत चढला असता, तो तासाभरात एकदम अंगावर येतो. मग "मला ही गोळी चालत नाही" असं माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं आणि पुढचे उपचार कायमचे अडतात.

थांबायचं किती? हेरॉइन, मॉर्फिन किंवा लवकर उतरणाऱ्या गोळ्या असतील तर किमान १२ तास, पुष्कळदा जास्त. हळूहळू सुटणाऱ्या एसआर गोळ्या असतील तर २४ तासांच्या आसपास. मेथाडोनवरून बदलायचं असेल तर २४ ते ७२ तास, तेही डॉक्टरांनी रोजचा डोस ३० मिग्रॅ किंवा त्याखाली आणल्यानंतर. फेंटानिल हे फार तीव्र ओपिऑइड रोज घेणाऱ्याच्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे तिथे घड्याळाचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी काही डॉक्टर अगदी बारीक डोसने सुरुवात करतात. तो त्यांचा निर्णय, आपण गोळीचे तुकडे करत बसू नये. वेदनेसाठी लावलेला ओपिऑइडचा पॅच (औषधाची चिकटपट्टी) पाठीवर राहून गेलाय का, हेही विचारा. पॅच काढल्यावरही त्वचेतून औषध दिवसभर उतरत राहतं.

शेवटचं काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. "काल रात्री कधीतरी" याने चालत नाही.

घड्याळाइतकंच शरीरही बघा. डॉक्टर कॉव्ज नावाच्या तक्त्यावर ११ लक्षणांना गुण देतात, एकूण ४८ पैकी. साधारण ८ ते १२ गुण झाल्यावर पहिला डोस देतात, बहुधा २ ते ४ मिग्रॅ, आणि मग तास-दोन तास थांबून बघतात. बेचैनी आणि चिडचिड यांवर विसंबू नका, ती नुसत्या भीतीनेही येते. डोळ्यांत बघा. ओपिऑइड अंगात असताना बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असते. विड्रॉवल चढलं की खोलीच्या साध्या उजेडातही ती मोठी, काळीभोर दिसते. हातावरून बोटं फिरवली की रोमांच जाणवतात. या दोन्ही गोष्टी मुद्दाम आणता येत नाहीत.

आणि तरीही घात झालाच, गोळीनंतर तासाभरात त्रास उसळला, तर? लगेच डॉक्टरांना फोन. उतारा म्हणून पुन्हा हेरॉइन घेणं ही दुसरी चूक. पकडलेल्या जागी ते नीट बसत नाही, म्हणून माणूस जास्त जास्त घेत जातो. डॉक्टर अनेकदा आणखी ब्युप्रेनॉर्फिन देऊनच हा प्रसंग सावरतात. ऐकायला उलटं वाटतं, पण चालतं.

गोळी गिळणं

"डोस पुरत नाही" या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. पोटात गेलेल्या ब्युप्रेनॉर्फिनचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, ५ ते १० मिनिटं चघळायची नाही, थुंकी गिळायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, सिगरेट नाही. पूर्ण विरघळल्यावर पाणी तोंडात खुळखुळवून गिळायचं आणि तासभर ब्रश करायचा नाही, कारण या गोळीने दात खराब होण्याच्या तक्रारी आहेत. हे सगळं नीट होत असेल आणि तरीही संध्याकाळपर्यंत घाम येत असेल, तर डोसबद्दल बोलायला जा.

मेथाडोनचा "थोडासा जास्त" डोस

मेथाडोन सावकाश साठतं. पहिल्या दिवशीचा डोस सहसा ३० मिग्रॅच्या पुढे नसतो आणि तो अपुरा वाटतोच. पण तोच डोस पाचव्या दिवशी शरीरात बराच जास्त झालेला असतो. "आज जरा जास्त घे" असं म्हणणारा मित्र इथे घातक ठरतो. पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा: बोलताना डुलकी लागणं, जीभ जड होणं, झोपेत घरघर. ही शांत झोप नव्हे. हलवूनही नीट जागा होत नसेल तर रुग्णवाहिका.

घरच्या औषधांची खिचडी

झोप येत नाही म्हणून आपली झोपेची गोळी त्याला देऊ नका. बेन्झोडायझेपिन (झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा एक प्रकार), दारू, प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) ही ओपिऑइडसोबत श्वास आणखी दाबतात. ट्रॅमाडोल ही वेदनाशामक गोळी "सौम्य" म्हणून देतात, पण तेही ओपिऑइडच आहे, वर फिट आणू शकतं. जुलाबासाठी लोपेरामाइड पाकिटावरच्या मर्यादेतच. मूठभर घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झालेले आहेत. घाम आणि धडधड यांसाठी डॉक्टरांनी क्लोनिडीन दिलं असेल तर प्रत्येक डोसआधी रक्तदाब मोजा. ९०/६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं.

पाण्याचं मात्र कंटाळा न करता बघा. ओआरएसचं पाकीट मिळत नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. उलटी झाल्यावर १० मिनिटं थांबून चमचा-चमचा. ग्लासभर एकदम दिलं की परत बाहेर येतं.

फिट येणं, भास होणं, ही ओपिऑइड विड्रॉवलची नेहमीची लक्षणं नाहीत. ती दिसली तर तो दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेत होता आणि त्याही अचानक बंद झाल्या, अशी शंका घ्या. हे घरी सांभाळायचं काम नाही. उलटीत रक्त, आठ तास लघवी नाही, छातीत दुखणं किंवा मरणाच्या गोष्टी निघाल्या, तरीही थेट रुग्णालय.

कमी करण्याची शर्यत

वर्षाहून जास्त काळ वेदनाशामक ओपिऑइड घेणाऱ्याला महिन्याला १० टक्के कपात ही सर्वसाधारण चाल, काहींना त्याहूनही हळू. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबा. ब्युप्रेनॉर्फिनमध्ये गंमत आकड्यांची आहे: ८ वरून ६ मिग्रॅ म्हणजे पाव कपात, २ वरून १ म्हणजे थेट निम्मी. म्हणून शेवट सोपा वाटतो आणि सगळ्यात अवघड जातो. शिवाय हे औषध हळू उतरतं, त्यामुळे कपातीचा त्रास दोन-तीन दिवसांनी दिसतो. पहिल्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून लगेच पुढची कपात करू नका. तारीख तुम्ही ठरवू नका. वर्षानुवर्षं औषध चालू ठेवणं हा अपयशाचा पुरावा नाही.

पोलिसगिरी

गोळ्या मोजणं, खिसे तपासणं, फोन चाळणं. याने तो लपवायला शिकतो, आणि लपवून घेणारा माणूस एकटाच घेतो. गोळ्या कुणी ठेवायच्या हे त्याच्याशी आधीच ठरवा. कुलूपबंद डबा मात्र हवाच, कारण लहान मुलाला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनची एक गोळीही मारक ठरू शकते. घसरलाच तर पहिला प्रश्न "का?" नको. "किती, कधी, सोबत काय?" हे विचारा आणि डॉक्टरांना कळवा.

त्रास संपला म्हणून सोबत सोडणं

उलट्या-जुलाब ४ ते १० दिवसांत आवरतात, मेथाडोननंतर जास्त लागतात. झोप आणि उदासी आठवडेच्या आठवडे ताळ्यावर येत नाहीत. याच काळात रोज एक फोन, आणि घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर तात्पुरता उतरवणारं औषध.

ते वापरायचं कसं, हे आधी शिकून ठेवा. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीची बोटं जोरात चोळूनही उठत नाही, श्वास मंद, ओठ निळसर: रुग्णवाहिका बोलवा, ४ मिग्रॅचा स्प्रे एका नाकपुडीत, मान मागे करून दर ५ सेकंदांना एक श्वास तोंडाने द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, ओपिऑइडचा त्याहून उशिरा. त्यामुळे तो शुद्धीवर येऊन "मी ठीक आहे, जा तू" म्हणाला तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका आणि त्या खोलीतून हलू नका.