घाटात गाडी ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी हे बघा

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडला निघालो होतो. औट्रम घाटात माझी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरवरही रडायला लागली, मागे काळा धूर. गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निकाल दिला, "टर्बो गया भाऊ!" टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. प्रत्यक्षात इंटरकूलरच्या (ही कोंबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होज पाईपला बोटभर चीर निघाली. तेव्हापासून मी या क्रमाने तपासतो.

आधी धूर आणि आवाज. काळा धूर आणि पिकअप कमी, म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही. बहुतेक वेळा पाईप फाटलेला, क्लॅम्प ढिला किंवा हवेचा फिल्टर चोंदलेला असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिथे टर्बोवर संशय घ्यायचा, पण पिस्टनच्या रिंगा खराब असल्या तरी तसाच धूर येतो. बारीक शिट्टी सगळेच टर्बो मारतात, तिला घाबरू नका. ॲक्सिलरेटर दाबताच सायरनसारखा चढत जाणारा आवाज मात्र वाईट. फुसफुस ऐकू आली तर हवा गळतेय.

मग इंजिन थंड करून बोनेट उघडा. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ इतकी, की फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नसेल तर ती थेट टर्बोच्या पात्यांवर जाते आणि त्यांच्या कडा झिजवते. फिल्टर काढून झाल्यावर टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतच्या प्रत्येक होजवर हात फिरवा, खालून दाबून बघा. चीर नेहमी न दिसणाऱ्या बाजूलाच असते. ॲक्च्युएटरला (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी तडकली तरी गाडी अशीच मरगळते, आणि ती नळी स्वस्तात मिळते.

डिपस्टिकही (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइल कमी किंवा काळं-जाड झालं, की पहिला बळी बेअरिंगचा.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच टर्बोच्या तोंडाचा पाईप काढा. आत ऑइलचा हलका ओलावा चालतो, डबकं नाही. शाफ्टची नट बोटांत धरून आडवी हलवा: किंचित हलणं साहजिक आहे, पण पातं बाहेरच्या कवचाला घासायला नको. आता पुढे-मागे ओढा. इथे हाताला खुटखुट जाणवली, की टर्बो संपला. पात्यांच्या कडा तुटलेल्या दिसल्या तरी तेच.

टर्बोतून ऑइल भसाभस इंजिनात जायला लागलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर सुसाट पळतं आणि चावी काढूनही थांबत नाही. गाडीत बसलेले असाल, तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. बाहेर असाल तर लांब व्हा.

टर्बो बदलायचाच ठरला, तर जुना का गेला हे मिस्तरीला विचारा. ऑइलची येणारी-जाणारी नळी चोंदलेली तशीच ठेवली, तर नवाही जाईल. इंटरकूलरमधलं ऑइल धुवून काढायला लावा. आणि इंजिन चालू करण्याआधी नव्या टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं ताजं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवला का, हे समोर उभं राहून बघा.